हवेच्या लाइनला प्लास्टिक नको

प्रश्न : घरालगत दहा बाय वीस फुटांचं टिनाचं गॅरेज आहे. निवृत्तीनंतर तिथे जुन्या स्कूटर खोलतो, दुरुस्त करतो, रंगवतो. दोन एचपीचा, शंभर लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला आहे. भिंतीवरून पक्की लाइन फिरवून तीन ठिकाणी हवा हवी आहे. नळवाला सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप टाका म्हणतो : स्वस्त आहे, गंजत नाही, शिवाय पाइपवर दाब छापलेला असतो. दुसरी अडचण पावसाळ्यातली. स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात आणि रंगाला फोड धरतात. कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच फिल्टर लावला, तरी फरक नाही. काय करावं?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, सीपीव्हीसी टाकू नका. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाण्याची लाइन फुटली तर दाब लगेच उतरतो आणि भिजण्यावर निभावतं. आठ किलो दाबाने भरलेल्या हवेचं तसं नाही. ती फुटताच कैक पटींनी पसरते आणि पाइपचे तुकडे सोबत घेऊन जाते. पीव्हीसी असो की सीपीव्हीसी, दोन्ही कडक. ते चिरत नाहीत, त्यांच्या ठिकऱ्या उडतात. हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये अशी लाइन फुटल्यावर मी बघायला गेलो होतो. बोटाएवढा धारदार तुकडा प्लायवुडच्या दारात रुतून बसला होता आणि पकडीने ओढूनही निघत नव्हता. माणसं जेवायला गेली होती म्हणून निभावलं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने उघड्यावरच्या हवेच्या लाइनला पीव्हीसी वापरू नका, असा इशारा १९८८ सालीच दिला होता. आपल्याकडे अजूनही दुकानदार बिनदिक्कत विकतात, याचा मला खरंच राग येतो.

त्यात आपलं नागपूर. आपल्याकडे पीव्हीसी पाइपचा दाब २७ अंश तापमानाला धरून ठरवतात आणि उष्णता वाढेल तशी ताकद उतरते. नवतप्यात टिनाखाली हात लावून बघा, म्हणजे कळेल. शिवाय कॉम्प्रेसरच्या हेडमधून निघणारी हवा स्वतःच सपाटून तापलेली असते.

तुमच्यासाठी अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप), बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, पुरेसा आहे. इतवारीत लोहा ओळीला पाइप, टी, एल्बो, युनियन सगळं एका फेरीत मिळेल. आटे तिथेच पाडून घ्या आणि प्रत्येक तुकड्यातला बुरा ठोकून काढा, नाहीतर तो थेट गनमध्ये जाईल. कॉम्प्रेसर आणि लाइन यांच्यामध्ये दोनेक फूट रबरी होज हवाच. कॉम्प्रेसर थरथरतो, पाइप भिंतीला जखडलेला असतो. मध्ये होज नसेल तर पहिला सांधा गळू लागतो. होजच्या आधी, टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह ठेवा. रात्री तो बंद करून झोपा.

आता पाणी. फिल्टर तुम्ही घेतला ते बरोबर, जागा चुकली. फिल्टर थेंब पकडतो, वाफ नाही. टाकीतून निघालेली हवा गरम असते, तिच्यातलं पाणी अजून वाफच असतं. ते फिल्टरमधून सरळ पार होतं आणि पुढे होजमध्ये गार होऊन थेंब बनतं. पाणी किती असतं, याचा अंदाज घ्या. श्रावणातली हवा, ३० अंश, दमटपणा ८० टक्के. तुमचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर आत ओढलेल्या हवेतून पाव लिटरच्या आसपास पाणी सुटतं. ते सगळं टाकीत राहत नाही.

म्हणून हवा आधी गार होऊ द्या, मग गाळा. टाकीपासून फिल्टरपर्यंत निदान वीस फूट धातूचा पाइप पडला पाहिजे. तुमची भिंतच वीस फुटांची आहे, तेव्हा रंगाची जागा कॉम्प्रेसरपासून सर्वांत लांबच्या टोकाला ठेवा आणि फिल्टर-रेग्युलेटर तिथे लावा. मुख्य पाइप कॉम्प्रेसरकडून त्या टोकाकडे उतरता न्या, वीस फुटांत अडीच इंच. दोरी आणि लेव्हल लावून क्लॅम्प मारा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. पाइपला कुठेही पोट आलं की पाणी तिथेच साचणार.

तिन्ही फाटे मुख्य पाइपच्या वरून काढायचे. टीचं तोंड वर करा, तिथून दोन एल्बोंनी पाइप काठीच्या मुठीसारखा वळवून खाली आणा. खालून फाटा काढला तर पाइपच्या तळाशी वाहणारं पाणी आयतं तुमच्या गनमध्ये. मुख्य पाइपचं शेवटचं टोक मात्र सरळ खाली फूटभर सोडा आणि तळाला ड्रेनसाठी बॉल व्हॉल्व्ह द्या. फाट्यांचंही तसंच : हवा घ्यायचा कपलर बाजूच्या टीवर, त्याखाली वीतभर पाइप आणि ड्रेन. इथे काटकसर करू नका.

नट खोलायच्या इम्पॅक्ट गनला तेल लागतं, रंगाला तेलाचा थेंबही चालत नाही. त्यामुळे हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर मुख्य लाइनवर नको. काम सुरू करण्याआधी इम्पॅक्ट गनच्या हवा घ्यायच्या तोंडात तेलाचे दोन थेंब सोडलेत तरी भागतं. रंगाची होजही वेगळी ठेवा. एकदा तेल लागलेली होज रंगाला वापरू नका. जीआय आतून कालांतराने गंजतो, पण ती माती फिल्टर धरतो. अगदीच चोख रंग हवा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर एसीवाल्यांकडची तांब्याची नळी ब्रेझ करून घ्या. ती हवा गारही लवकर करते.

लाइन झाली की पूर्ण दाब भरा, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा आणि रात्रभर दाब टिकतो का ते गेजवर बघा. टाकीचा ड्रेन रोज, काम संपल्यावर, थोडा दाब असतानाच उघडा. ऑटो ड्रेन घरच्या कामाला लागत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी टाचणीएवढं भोक पडलं आहे. वेल्डिंग करून चालेल का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. बाहेर भोक दिसतं तेव्हा आतून आजूबाजूचा पत्रा गंजून पातळ झालेला असतो, आणि वेल्डिंगची उष्णता त्याच पातळ पत्र्याला बसते. आजच हवा सोडा आणि प्लग काढून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून सुरू करणार नाही. मोटर आणि हेड चांगले असतील तर नव्या टाकीवर बसवून घ्या. जुनी टाकी भंगारात देताना तिला आरपार मोठं भोक पाडून द्या, नाहीतर ती पुन्हा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये भरली जाईल.