पार्किंगवाल्याचा दावा आलाय, आता काय?

गणपती आणि दिवाळी झाली की काही महिन्यांनी माझ्याकडे ठरावीक पत्रं येऊ लागतात. कार्यक्रम हॉलमध्ये होता, गाडी शेजारच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये होती, आणि आता घरी कोर्टाचा लिफाफा आलाय. प्रश्न तेच, गोंधळ तोच, म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतो. उत्तरं इंग्लंड-वेल्सपुरती आहेत. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न (हॅरो): पीसीएन आलाय. भरू की लढू?

आधी पूर्ण नाव वाचा. ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ कौन्सिलची असते, तिचं अपील ट्रायब्यूनलकडे जातं आणि त्याच्या मुदती वेगळ्या असतात. ‘पार्किंग चार्ज नोटीस’ म्हणजे खाजगी कंपनीने पाठवलेलं बिल. दोन्हींची आद्याक्षरं सारखीच निघावीत हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

प्रश्न (स्लाव): आमच्या ग्रुपवर एकाने ठामपणे सांगितलं की खाजगी कंपनीच्या पत्रांना सरळ केराची टोपली दाखवायची, काही होत नाही. खरं का?

२०१२ च्या आधी या सल्ल्यात थोडाफार दम होता. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला माहीत नसे आणि मालकाला धरायला कायदा नव्हता. १ ऑक्टोबर २०१२ पासून ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’च्या चौथ्या परिशिष्टाने, काही अटी पाळल्या तर, गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, वसुलीची सोय झाली. त्याच दिवसापासून खाजगी जागेत गाडीला क्लॅम्प लावायला बंदी आली. तुमच्या ग्रुपवरचे तज्ज्ञ अजून त्याच्या आधल्या दिवशीच आहेत.

लाल अक्षरांतली, ‘अंतिम सूचना’ म्हणणारी वसुली एजन्सीची पत्रं दुर्लक्षिली तरी आकाश कोसळत नाही. एजन्सीचे लोक बेलिफ, म्हणजे कोर्टाचे जप्तीवाले, नव्हेत आणि त्यांना तुमच्या दारात उभं राहण्यापलीकडे काही अधिकार नाही. पण दोन लिफाफे कधीही टाकायचे नाहीत. एक, दाव्याआधीचं पत्र, म्हणजे ‘लेटर बिफोर क्लेम’, ज्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. दुसरा, कोर्टाचा क्लेम फॉर्म.

प्रश्न (मिल्टन कीन्स): तीन वर्षांपूर्वी रेडिंगहून इथे आलो. मॉर्गेजचा अर्ज केला तेव्हा कळलं की माझ्या नावावर २६० पौंडांचा सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल) आहे. मला एकही पत्र आलं नव्हतं. लायसन्सवरचा पत्ता मी लगेच बदलला होता. आता भरून टाकू का, म्हणजे नाव साफ होईल?

भरून नाव साफ होणार नाही, म्हणून थांबा. आणि बाकीच्यांनीही हे उत्तर शेवटपर्यंत वाचा, कारण पार्किंगच्या प्रकरणात माणूस हरतो तो पाटीवरच्या अटींमुळे कमी आणि पत्त्यामुळे जास्त.

लायसन्स आणि लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. पार्किंग कंपनी डीव्हीएलएकडून (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं) पत्ता घेते तो लॉगबुकवरचा. आपले आयटीवाले लोक दर वर्षी भाडेकरार संपला की घर बदलतात. लायसन्स ओळखपत्र म्हणून लागतं म्हणून ते आठवणीने बदलतात, आणि लॉगबुक फायलीत तसंच पडून राहतं. ते न बदलण्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड आहे, पण खरा भुर्दंड तुम्ही आता भोगताय तो.

याहून वाईट एक गोष्ट आहे, जी लॉगबुक चोख ठेवणाऱ्यांनाही माहीत नसते. कंपनी तुमचा पत्ता सहसा घटनेनंतर एकदाच घेते. त्यानंतर तुम्ही घर बदललंत, लॉगबुकही बदललंत, तरी कंपनीच्या फायलीत जुनाच पत्ता राहतो. दावा करायला त्यांच्याकडे सहा वर्षं असतात. सहा वर्षांत आपल्याकडचा माणूस चार घरं बदलून झालेला असतो, काही जण तर परत पुण्याला पोचलेले असतात. म्हणून एखादी नोटीस प्रलंबित असेल आणि तुम्ही घर सोडताय, तर कंपनीला आणि तिच्या वकिलांना ईमेल करा की यापुढे हाच पत्ता वापरा आणि जुना काढून टाका. उत्तराची प्रत जपा. पाच मिनिटांचं काम आहे. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि दर वर्षी अशी पत्रं येतातच.

आता तुमचं. जजमेंट लागल्यापासून एका महिन्यात पूर्ण रक्कम भरली तर नोंद रजिस्टरमधून पुसली जाते. तुमचा महिना कधीच उलटला. आज भरलंत तर नोंदीपुढे ‘भरले’ एवढंच येईल आणि नोंद एकूण सहा वर्षं राहील. तेव्हा मार्ग उरतो तो जजमेंट रद्द करून घेण्याचा, फॉर्म एन२४४. त्याची फी तीनशे पौंडांच्या वर आहे, म्हणजे मूळ दाव्याहूनही जास्त. कमी उत्पन्न असेल तर फी-माफीचा अर्ज करता येतो. दावा जुन्या पत्त्यावर पाठवला आणि तुम्ही तिथे राहत नाही असं मानायला कंपनीकडे कारण होतं, तर नवा पत्ता शोधायची रास्त धडपड तिने करायला हवी होती. तुमचं बोट त्या नियमावर ठेवायचं. शिवाय मूळ दाव्याला तुमच्याकडे खरंखुरं उत्तर आहे हेही दाखवावं लागतं. आणि न्यायाधीश पहिली गोष्ट विचारतात ती ही: कळल्यावर किती दिवसांत अर्ज केलात? तुमच्या पत्रात ‘मे महिन्यात कळलं’ असं आहे. तुम्ही मला ऑगस्टमध्ये लिहिताय! याच आठवड्यात सिटिझन्स ॲडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा सॉलिसिटर गाठा. मॉर्गेज ब्रोकर नव्हे.

प्रश्न (लेस्टर): क्लेम फॉर्म आलाय. उत्तराला किती दिवस?

फॉर्मवरच्या ‘इश्यू’ तारखेत पाच दिवस मिळवा, तिथून चौदा. त्या चौदा दिवसांत ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस’ (दावा मिळाल्याची पोच) दिलीत तर चौदाचे अठ्ठावीस होतात. ऑनलाइन भरताना डिफेन्सच्या (लेखी बचावाच्या) रकान्यात एक अक्षरही टाकू नका. एकदा गेलं की तोच तुमचा डिफेन्स.

प्रश्न (क्रॉयडन): गाडी माझ्या नावावर आहे, चालवत होती बायको. तिचं नाव सांगायची सक्ती आहे का?

खाजगी कंपनीला सांगायची सक्ती नाही. पोलिसांनी विचारलं तर गोष्ट वेगळी. नाव न सांगता तुम्ही कीपर म्हणून लढू शकता, आणि मग कंपनीला परिशिष्टाच्या अटी काटेकोर पाळल्याचं सिद्ध करावं लागतं. काचेवर काही चिकटवलं नसेल, कॅमेऱ्याने टिपलं असेल, तर नोटीस पार्किंगनंतर चौदा दिवसांच्या आत तुमच्याकडे पोचायला हवी. टपालात टाकलेली नोटीस त्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं धरतात. नोटिशीवरची तारीख आणि कॅलेंडर घेऊन बसा. विमानतळ किंवा रेल्वे स्टेशनची जागा उपविधींखाली येत असेल, तर हे परिशिष्ट तिथे मुळात लागूच नसतं.

एक मात्र बजावतो. डिफेन्सखाली सत्यतेच्या निवेदनावर तुमची सही असते. ‘मी चालवत नव्हतो’ हे खरं असेल तरच लिहा, आणि सुनावणीत न्यायाधीशांनी थेट विचारलं तर खरं तेच सांगा. शंभर पौंडांसाठी कोर्टाचा अवमान अंगावर घेऊ नका.

प्रश्न (वेम्बली): नोटीस १०० पौंडांची होती, दाव्यात १७० आणि वर आणखी. हे ७० कशाचे?

वसुलीचा खर्च, असं कंपनी म्हणते. कीपर म्हणून तुमच्यावर दावा असेल तर परिशिष्टानुसार मूळ नोटिशीत लिहिलेल्या रकमेच्या वर मागता येत नाही. सरकारच्या २०२२ च्या आचारसंहितेत हे जादा पैसे बंद करायचं ठरलं होतं. ती फेब्रुवारीत आली आणि जूनमध्ये मागे घेतली गेली. मध्येच कोणाच्या पोटात दुखलं ते तुम्ही ओळखा. काही न्यायाधीश हे पैसे सरळ उडवतात, काही देतात. डिफेन्समध्ये आक्षेप मात्र घ्यायलाच हवा. कोर्ट फीचे ३५ आणि वकिलाचे ठरावीक ५० पौंड वेगळे, ते हरलात तर द्यावे लागतील.

प्रश्न (हन्सलो): माझा एवढाच मुद्दा आहे की जागा फुकट होती, त्यांचं नुकसान शून्य, मग ८५ पौंड कसले?

हा मुद्दा २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात मेला. ‘पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस’. चेम्सफर्डचं रिटेल पार्क, दोन तास फुकट, बेव्हिस छप्पन्न मिनिटं जास्त थांबले. ८५ पौंड हा बेकायदा दंड नाही, जागा फिरती ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे, असा निकाल लागला. पण त्या निकालाचा आधार होत्या मोठ्या, स्पष्ट, जागोजागी लावलेल्या पाट्या. तुमच्या ठिकाणी पाटी झाडामागे असेल, रक्कम बारीक अक्षरात असेल, रात्री दिसत नसेल, तर बेव्हिस तुमच्याच बाजूने वापरता येतो. आजच जाऊन फोटो काढा, त्याच वेळेला, त्याच अंधारात. सुनावणीपर्यंत पाटी बदललेली असू शकते.

प्रश्न (रेडिंग): मी त्याच इमारतीत भाड्याने राहतो. सामान उतरवायला दारात दहा मिनिटं थांबलो.

लीज आणि भाडेकरार काढा. त्यात पार्किंगबद्दल काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या अपिलात ‘जॉप्सन विरुद्ध होमगार्ड’ मध्ये सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे असं ठरलं. हा निकाल बंधनकारक नाही, पण दाखवण्याजोगा आहे. करार घेऊन सल्लागाराकडे जा.

प्रश्न (वॉटफर्ड): एकजण १५० पौंडांत ‘हमखास जिंकणारा’ डिफेन्स लिहून देतोय.

शंभरच्या बिलासाठी दीडशे? छोट्या दाव्यांत जिंकलात तरी हा खर्च सहसा परत मिळत नाही. आणि जो ‘हमखास’ म्हणतो त्याला विचारा, तुमच्या पाटीचा फोटो तरी पाहिलात का?

प्रश्न (हॅरो): दावा आईच्या नावावर आहे. तिचं इंग्रजी कच्चं, कोर्ट म्हटलं की हात थरथरतात. मी बोलू शकते का?

हो, आई तुमच्या शेजारी बसलेली असेल तर. छोट्या दाव्यात घरचं माणूस बाजू मांडू शकतं, पण पक्षकार हजर हवा. दुभाषी लागत असेल तर कोर्टाला आधी कळवा. आईला सांगा, हा फौजदारी मामला नाही, पिंजरा नाही. टेबलाभोवती बसायचं आणि न्यायाधीशांना ‘जज’ म्हणायचं, बस. साक्षीचं निवेदन आणि फोटो आदेशात दिलेल्या तारखेआधी पोचवा, बहुधा सुनावणीच्या चौदा दिवस आधी.

प्रश्न (ग्लासगो): हे सगळं आम्हालाही लागू?

नाही. तिथला कायदा वेगळा आहे, स्कॉटलंडच्या सल्लागाराला विचारा.

प्रश्न (स्विंडन): मेडिएशनचा (कोर्टाच्या मध्यस्थीचा) फोन येणार म्हणतात. मला तडजोड करायचीच नाही, मग न उचलला तर?

२२ मे २०२४ पासून दाखल झालेल्या अशा पैशांच्या दाव्यांत तो सक्तीचा आहे. तासाभराचा, फुकट. सक्ती हजर राहण्याची आहे, पैसे देण्याची नाही. ‘माझी ऑफर शून्य’ असं शांतपणे सांगून फोन ठेवता येतो. न उचललात तर न्यायाधीश त्याचा खर्च तुमच्या माथी मारू शकतात. वेळ आधी कळवतात, तेव्हा त्या तासाला ऑफिसची मीटिंग लावू नका.