आईवडील निरोगी, मग मुलाला सिकलसेल कसा?

प्रश्न : आमच्या नात्यातील एका दांपत्याचा थोरला मुलगा ठणठणीत आहे, धाकट्याला मात्र सिकलसेल आहे. हा आजार जनुकातील उत्परिवर्तनामुळे होतो असे डॉक्टर सांगतात. मग आईवडिलांना त्रास कसा नाही, आणि इतके घातक उत्परिवर्तन पिढ्यानपिढ्या टिकले कसे?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : उत्परिवर्तनाने होणारी हानी बदल केवढा आहे यापेक्षा तो कोठे झाला आणि त्याच्या किती प्रती वाट्याला आल्या यांवर अधिक अवलंबून असते. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची असते. 11व्या गुणसूत्रावरील तिच्या जनुकात एकच अक्षर बदलल्याने सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. त्यामुळे प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात, आणि एरवी लवचीक असणारी तांबडी पेशी कडक व विळ्याच्या आकाराची होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना होतात आणि प्लीहा निकामी होत जाऊन जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही 10 ते 20 दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय पाठ सोडत नाही.

आईवडिलांकडे सदोष जनुकाची एकेकच प्रत असून दुसरी प्रत पुरेसे निर्दोष हिमोग्लोबिन बनवते. अशा ‘एएस’ वाहकांना, म्हणजे एक निर्दोष ‘ए’ आणि एक सदोष ‘एस’ प्रत असणाऱ्यांना, सहसा त्रास होत नाही. उलट फाल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून त्यांना बरेच संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशांत, मग तो आफ्रिका असो वा आपला सातपुडा आणि गडचिरोली, वाहक अधिक संख्येने जगले आणि त्यांच्याबरोबर हे उत्परिवर्तनही टिकले. यात निसर्गाचा काही हेतू शोधू नये.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल ‘एसएस’, म्हणजे आजारग्रस्त, असण्याची शक्यता 25 टक्के असते. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे, कारण प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते. थोरल्या मुलाचीही तपासणी करावी. तो वाहक असू शकेल. सदोष हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच दाखवणाऱ्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ओळखता येत नसल्याने ती सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी आवश्यक ठरते.