शब्दशंका : ठराव 'अनिरसनीय' असू शकतो का?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्ची भाड्याने न देण्याचा ठराव मंजूर झाला. इतिवृत्त लिहिताना एका ज्येष्ठ सभासदांनी त्याखाली 'हा ठराव अनिरसनीय राहील' असे वाक्य घालायला लावले. शंकेचे निरसन होते हे ठाऊक आहे. ठरावाचे निरसन म्हणजे काय? हा शब्द शुद्ध आहे का, आणि तो लिहिल्याने ठराव खरोखर कायमचा होतो का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : शब्द शुद्ध आहे, पण तुमच्या इतिवृत्तात तो चुकीच्या जागी आला आहे.

'अस्' म्हणजे फेकणे या संस्कृत धातूला 'निर्' हा उपसर्ग लागून 'निरसन' होते. दूर सारणे, काढून टाकणे हा त्याचा मूळ अर्थ. शंका मनातून दूर होते ते शंकानिरसन, आणि अमलात असलेला कायदा विधिमंडळ काढून टाकते ते कायद्याचे निरसन. 'भ्रमनिरास'मधला 'निरास' याच धातूचा आहे, निराशेशी त्याचे नाते नाही. म्हणून 'भ्रमनिराश' हे रूप चूक. महाराष्ट्राच्या अधिनियमांच्या मराठी पाठात अखेरीस 'निरसन व व्यावृत्ती' असा मथळा वारंवार भेटतो. जुना कोणता कायदा गेला आणि तो गेल्यावरही त्याखाली झालेली कोणती कामे शाबूत राहतात, हे त्या कलमात सांगितलेले असते. ज्याचे असे निरसन करता येत नाही ते अनिरसनीय. 'अपरिवर्तनीय' हा त्याचा पर्याय नव्हे, कारण अनिरसनीय कायद्याच्या तपशिलात दुरुस्ती होऊ शकेल, तो मुळातून काढता मात्र येणार नाही. मुंबईत जागेच्या व्यवहारांत 'इर्रिव्होकेबल' म्हणजे मागे न घेता येणारे कुलमुखत्यारपत्र करून देतात, त्यालाही हा शब्द लावू नये. तो खासगी दस्तऐवज असतो, कायदा नव्हे.

असा कायदा प्रत्यक्षात असतो का? सत्ताधीशांना तशी इच्छा फार पूर्वीपासून होती. आपल्या जुन्या दानपत्रांत आणि सनदांत 'आचंद्रार्क', 'यावच्चंद्रदिवाकरौ' असे शब्द येतात, आणि कोकणातल्या गधेगाळांच्या, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव शिळांच्या, माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले दिसतात, ते दान आकाशात चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे म्हणून. तुमच्या दादरच्या शेजारी, परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या 12व्या शतकातील शिलालेखात, हे शासन (राजाज्ञा) जो कोणी लोपील त्याच्यावर सकुटुंब देवाचा कोप होईल, अशा अर्थाचे शापवचन मराठीत आहे. मला त्यातले 'लोपणे' हे क्रियापद फार बोलके वाटते. पुढचा राजा आपली आज्ञा लोपू शकतो हे कोरवून घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्याला अडवणारा कायदा हाती नव्हता, म्हणून शाप घातला. वंशपरंपरेने चालावीत म्हणून दिलेली व्यक्तिगत इनामे पुढे मुंबई राज्याच्या विधिमंडळाने 1952च्या अधिनियमाने नाहीशी केली.

आजचा नियमही तोच आहे. आजचे विधिमंडळ उद्याच्या विधिमंडळाचे हात बांधू शकत नाही, आणि 'या कायद्याचे निरसन करता येणार नाही' असे कलम खुद्द कायद्यात घातले तरी पुढचे विधिमंडळ त्या कलमासह सगळा कायदा काढून टाकू शकते. साधा कायदा अनिरसनीय नसतोच.

हा शब्द शोभतो तो संविधानाच्या पातळीवर. जर्मनीच्या 1949च्या मूलभूत कायद्यातील, म्हणजे तिथल्या संविधानातील, कलम 79(3) मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांविषयीच्या काही तत्त्वांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवते. आपल्या संविधानात असे कलम नाही. ती मर्यादा 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायमूर्तींच्या पीठाने 7 विरुद्ध 6 अशा बहुमताने घातली : घटनादुरुस्तीविषयीच्या कलम 368 खाली संसदेला संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्या खटल्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ राज्याच्या बाजूने एच. एम. सीरवाई उभे होते; दोघेही मुंबईचे वकील. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा पुसण्याचा प्रयत्न केला, आणि 1980मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने तो भागच अवैध ठरवला. इथेही शब्द जपून वापरावा. 'अमुक कलम अनिरसनीय आहे' असे लिहिणे सैलपणाचे होईल, कारण संरक्षण मिळाले आहे ते तत्त्वाला, कलमाच्या शब्दांना नव्हे.

आता तुमचा ठराव. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार (संस्थेच्या कारभाराच्या नियमांनुसार), आधीचा ठराव बदलणारा किंवा रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय सर्वसाधारण सभेपुढे आणता येत नाही. ठरावाला मिळणारे अभय एवढेच. त्यानंतर सभेचा अधिकार मोकळा होतो, इतिवृत्तात कोणतेही विशेषण असो. आणि ते वाक्य सभेत मतास टाकलेच नसेल, तर ते मागाहून घालणे ही मला शब्दाच्या चुकीपेक्षा गंभीर चूक वाटते. ज्येष्ठ सभासदांची गच्चीविषयीची कळकळ रास्त आहे. त्यांना अधिक टिकाऊ बंधन हवे असेल तर रीतसर उपविधी-दुरुस्ती मांडून ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवून घ्यावी लागेल. नोंदणी होईपर्यंत ती अमलात येत नाही, आणि पुढे तीही याच मार्गाने बदलता येते. तूर्त ठरावाखाली 'सर्वसाधारण सभा अन्यथा ठरवेपर्यंत हा ठराव लागू राहील' हे वाक्य पुरेसे आहे, मात्र तेही पुढच्या सभेत वाचून, मंजूर करून मगच लिहावे.