काटा टाचेत, पण पेशींना पत्ता कोण देतं?

प्रश्न : केळीच्या बागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालताना टाचेत काटा मोडला. दुसऱ्या दिवशी पाय लालबुंद, गरम, रात्रभर ठणका. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चिरा देऊन काटा आणि चमचाभर पू काढला. पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशी, असं ते म्हणाले. रक्त तर सारखं धावतं, मग या पेशी नेमक्या माझ्या टाचेतच कशा उतरल्या? आणि सूज एवढी छळते, तर ती येऊच न देणारं औषध का नाही काढत?
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, हे चित्र मी वर्गात पंचवीस वर्षं फळ्यावर काढलं आणि दरवेळी मला भुसावळचं आउटर आठवलं. आमचं क्वार्टर रुळांलगत होतं. पॅसेंजर सिग्नलला मंदावली की माणसं दांडा धरून पाय खाली टाकायची, गाडीबरोबर चार पावलं पळायची आणि मग थांबायची. थेट उडी मारणारा तोंडावर आपटायचा.

पांढरी पेशी तशीच उतरते. काट्याबरोबर जंतू आत गेले की तिथल्या पेशी रसायनं सोडून हाकाटी करतात. जवळच्या बारीक शिरांचं अस्तर मग अंगावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं काढतं. ती पेशीला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, त्यामुळे पेशी भिंतीलगत गडगडत जाते. गडगडताना तिला अस्तरावरचे केमोकाइनचे, म्हणजे पेशींना इशारा देणाऱ्या प्रथिनांचे, रेणू लागतात. तो इशारा मिळाला की पेशीवरची इंटिग्रिन प्रथिनं, जी तोवर गुडघे मुडपून बसलेली असतात, ताठ होतात आणि अस्तरावरच्या आयकॅम नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते. म्हणजे पत्ता कुणी देत नाही. पेशी अंगभर फिरतच असतात, फक्त तुमच्या टाचेतल्या शिरांनी हात पुढे केला.

पेशी शिरांतून बाहेर पडताना जर्मन शास्त्रज्ञ कोनहाइमने १८६७ मध्ये बेडकात पाहिल्या. १८८२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफने इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले, तर सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा! पण त्या भिंतीला धरतात कशाने, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. बोस्टनच्या टिमथी स्प्रिंगर यांचं त्यात मोठं काम आहे. लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांचा १९९१ चा प्रयोग मला फार आवडतो. पेशींऐवजी नुसती प्रथिनं काचेवरच्या पडद्यात बसवली आणि वरून रक्तपेशी वाहवल्या. एकटं सिलेक्टिन असेल तर पेशी गडगडत राहिल्या. एकटं आयकॅम असेल तर वाहत्या पेशी पकडल्याच गेल्या नाहीत. दोन्ही असतील आणि पेशी चेतवली, तरच ती थांबली.

काही बाळांत इंटिग्रिनचा एक भाग जन्मतःच सदोष असतो. त्यांची नाळ आठवडे उलटले तरी गळत नाही. रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी, पण जखमेत पू नाही. बाळ जंतुसंसर्गाने पुन्हा पुन्हा आजारी पडतं. याच आजाराच्या दुसऱ्या, फारच विरळ प्रकारात रुग्णांचा रक्तगट 'बॉम्बे' हा दुर्मीळ गट निघाला. तोच, जो डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून जगाला सांगितला. सिलेक्टिन पेशीवरच्या ज्या खुणेला धरतं ती आणि रक्तगटाची खूण, दोन्हींना फ्युकोज ही साखर लागते. (नुसता बॉम्बे गट असलेल्यांना हा आजार नसतो, वाचकांनी घाबरून पत्रं पाठवू नयेत.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. तसं औषध काढलं होतं. सोरायसिससाठीचं एफॅलिझुमॅब नेमका हा पेशींचा हातच धरून ठेवायचं. काही रुग्णांच्या मेंदूत एरवी झोपून असलेला विषाणू उसळला आणि २००९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. असंच पेशींची पकड अडवणारं नॅटॅलिझुमॅब २००४ मध्ये आलं, त्याच कारणाने पुढच्याच वर्षी थांबवलं, २००६ मध्ये कडक देखरेखीखाली परतलं. २०१४ चं व्हेडोलिझुमॅब अधिक शहाणं आहे: ते मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पेशींचीच वाट अडवतं, म्हणून आतड्याच्या दाहासाठी वापरतात. टाचेसाठी असलं काही मागू नका. तुमच्या टाचेतली सूज तिचं काम करत होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, ते मात्र पत्रात लिहिलेलं नाही. नसेल घेतलं, तर हे वाचून झाल्यावर आधी डॉक्टरांकडे जा.