माइक मायर्सचा 'द लव्ह गुरू' (२००८) प्रेक्षकांना का आवडला नाही?

बहुतेकांची तक्रार एकच: बुवाबाजीची टर उडवायला निघाला आणि विनोद अडकला कमरेखालीच. खर्च सुमारे ६.२ कोटी डॉलर, गल्ला जेमतेम ४ कोटी. वर सर्वांत वाईट चित्रपट, अभिनेता आणि पटकथा अशी तीन रॅझी (सर्वांत वाईट सिनेमांची थट्टा करणारी) 'बक्षिसं'. अमेरिकेतल्या काही हिंदूंनी आक्षेप घेतला, पण खुद्द अध्यात्मगुरू दीपक चोप्रा मायर्सच्या बाजूने, सिनेमात दिसतातही.

मला एक गोष्ट मात्र जमलेली वाटली. मायर्सने साकारलेल्या पिटका गुरूची सगळी शिकवण आद्याक्षरांच्या लघुरूपांत, पुढे ट्रेडमार्कची खूण! धंदा बरोबर पकडलाय. महत्त्वाकांक्षा मोक्षाची नाही, ऑप्रा विन्फ्रीच्या टीव्ही कार्यक्रमात जायची. बाकी 'गांधी' साकारलेल्या बेन किंग्जलीला तिरळ्या गुरूच्या वेशात बघवत नाही हो.