ऑटोडिटेक्ट ऑप्शनल करतोस तं आधी एवढं पाह्य

भौ, पहिल्याच पॅचले (कोडमधल्या बदलाले) लिनक्सच्या सेन्सर ड्रायव्हरचं ऑटोडिटेक्शन, म्हणजे चिप आपोआप शोधनं, मर्जीनं बंद करता येईल असं करायचं घेतलं, बेस केलं. काम छोटं हाय, पण चुकायच्या जागा ठरलेल्या हायेत. जुन्या एलएम७५ टेम्परेचर चिपमधे ओळख सांगणारं रजिस्टरच (चिपमधली माहिती ठेवायची जागा) नसते, ड्रायव्हर आयटूसीवरचे (चिपा जोडायच्या दोन तारांच्या लाइनवरचे) हेक्स ४८ ते ४एफ पत्ते चाचपते अन् जे वाचाले भेटते त्याच्यावरून अंदाज बांधते, म्हणजे अंधारात हाक मारून कोण ओ देते ते पाहनं, अन् कधीमधी भलताच ओ देते.

नवीन पोट्टे हमखास प्रोबमधेच (भेटलेली चिप चालू करनारं फंक्शन) एरर रिटर्न करतात. मंग डिव्हाइस ट्रीतून (बोर्डावर काय जोडलं हाय त्याची यादी) आलेली, हातानं जोडलेली चिपही बंद! प्रोबले हात लावू नको. डिटेक्टमधून (चिप शोधनारं फंक्शन) नुसतं रिटर्न करूनही भागत नाही, कारण आयटूसी कोअर (कर्नलमधला आयटूसीचा मूळ कोड) डिटेक्टच्या आधीच त्या पत्त्यावर टकटक करून पाह्यते, म्हणून ड्रायव्हर रजिस्टर करायच्या आधी डिटेक्टचा पॉइंटरच नल (रिकामा) कर.

- मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना द्यायचं सेटिंग) दे, केकॉन्फिग (कर्नल बनवतानाचं सेटिंग) नको, डिस्ट्रोचं कर्नल सगळ्याइले एकच असते.
- डिफॉल्ट चालूच ठेव. अपडेटनंतर कोणाचं टेम्परेचर गायब झालं तं पॅच गेलाच समज.
- पॅरामीटरची परमिशन ०४४४ (फक्त वाचाले), लोड झाल्यावर बदलून काही होत नाही.

चिप आणाले अमरावतीले जायची गरज नाही, आयटूसी-स्टबवर (चिपचं सोंग घेनारं कर्नल मॉड्यूल) टेस्ट होते. गावातल्या नेटवर कर्नल कोडची पूर्ण हिस्ट्री क्लोन (डाउनलोड) करत बसू नको, गिटले डेप्थ १ टाक, म्हणजे नुसता ताजा कोड येते. पाठवायच्या आधी चेकपॅच (पॅचची मांडणी तपासनारी स्क्रिप्ट) चालव. लॉकिंग, सस्पेंड-रीझ्यूम आता राहू दे. अडलं तं डीमेसेजचा (कर्नलचे मेसेज दाखवनारी कमांड) आउटपुट पाठव मले.