आधी खवले ओळखायला शिक

माशांचे जीवाश्म शोधायचे, तर आधी खवले ओळखता यायला हवेत. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात ते शोधू नकोस, तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट खडक आहे. ठाण्याच्या मासळी बाजारातून रोहू आणि जिताड्याचे खवले आण, धुऊन 10 पटीच्या भिंगाखाली बघ. रोहूचा खवला पातळ, गुळगुळीत कडेचा. जिताड्याच्या मागच्या कडेला बारीक दाते. शेजारी ज्युरासिक काळातल्या लेपिडोटीस या नामशेष माशाच्या खवल्याचा फोटो ठेव: जाड, शंकरपाळ्यासारखा, वर गॅनोइनचा, म्हणजे दातांच्या एनॅमलसारख्या पदार्थाचा, चकचकीत थर. अशा खवल्याला गॅनॉइड खवला म्हणतात. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसते. इतका टणक, म्हणूनच मासा विखुरला तरी सुटे खवले टिकतात.

गल्लत इथेच होते. असे खवले इतर कुळांतही होते, आणि एकाच माशाच्या अंगावर जागेनुसार आकार बदलतो. सुट्या खवल्यावरून प्रजाती ठरवू नकोस. 'गॅनॉइड खवला', खडकाचा थर, ठिकाण एवढंच लिही. नावासाठी कवटी आणि दात हवेत.